मदत हवी आहे: माजी हवालदार टॉवेलच्या कारखान्यात ओळख लपवून कसा राहील?

नमस्कार मंडळी,

दोन वर्षांपासून एक थरारकादंबरी लिहिते आहे आणि अकराव्या प्रकरणात पुरती अडकले आहे. फौजेत राहिलेले, सोलापुरात माग चालवलेले आणि कायदा जाणणारे, तिघांचीही मदत हवी आहे.

नायक मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेला हवालदार, अक्कलकोट तालुक्यातला. पलटणीतल्या त्याच्या जोडीदाराचा मुलगा सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात कामाला होता, तो एका रात्री बेपत्ता होतो. टॉवेलच्या गठ्ठ्यांतून नशेचा माल हैदराबाद रोडने जातोय, असा बापाला संशय आहे. तक्रार देऊन झाली, पण त्याला घरी बसवत नाही. म्हणून माझा हवालदार खोटं नाव घेऊन यंत्रमागावर कामगार म्हणून आत शिरतो.

पहिली दहा प्रकरणं मी मामांना वाचायला दिली. ते स्वतः त्याच पलटणीतले, बेळगावच्या सेंटरमध्ये तयार झालेले. वाचून म्हणाले, "पोरी, मारामारी चांगली जमलीय. पण हा गडी दुसऱ्या दिवशीच सापडेल." तेव्हापासून मी मामांकडेच नीट बघते आहे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी पहाटे साडेचारला उठतात. चादरीची चारही टोकं जुळवून, वरून तळहात दाबून फिरवत घडी घालतात. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. जेवणाला अजून लंगरच म्हणतात. माळ्यावरच्या काळ्या पेटीवर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव तसंच आहे. खोलीतल्या इतर कामगारांच्या नजरेतून हे सगळं सुटेल कसं? अंगात भिनलेलं महिनाभरात घालवता येतं का? फौजी मंडळींनी सांगावं.

दुसरी अडचण भाषेची आणि आवाजाची. माझ्या नायकाला मराठी आणि कानडी येतं, पण अशोक चौक, दत्तनगर भागात बोलणं तेलुगूत. शिवाय मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही. गुपित त्याच्या कानावर पडणार तरी कसं? दारामागून ऐकलं, असं लिहिलं होतं, ते खोडलं.

तिसरं कायद्याचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार, डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूसही पकडू शकतो. मात्र सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावं लागतं. हे वाचलं आणि माझा शेवटच बदलला. आधी नायक त्या माणसाला दोन दिवस कोंडून ठेवून बोलता करत होता. आता त्याच्या हातात सहाच तास आहेत, आणि तो नियम मोडणारा माणूस नाही. वकील कुणी असाल तर सांगा, हे सहा तास पकडल्या क्षणापासूनच मोजायचे ना?

प्रतिसाद

ताई, आमच्या घरी तीस वर्षं माग होते. तुमचा नायक चादरीच्या घडीवरून पकडला जाण्याआधी गाठीवरून पकडला जाईल. ताण्याचा दोरा तुटला की मुरलेला विणकर बघता बघता बारीक गाठ मारतो. नवख्याची गाठ जाड येते, फणीत अडकते आणि दोरा पुन्हा तुटतो. जॉबरला, म्हणजे मागांवर देखरेख करणाऱ्याला, हे पहिल्याच पाळीत कळतं. आणि शेडमध्ये कानाने कुणी ऐकतच नाही. ओठ आणि हात बघून बोलणं चालतं.

माझं ऐकाल तर त्याला मागावर बसवूच नका, गेटवर वॉचमन करा. माजी सैनिकाला वॉचमन ठेवण्यात कुणाला काही नवल वाटत नाही. खाजगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्यातही भरतीत माजी सैनिकांना प्राधान्य देता येईल असं आहे. नाव खरं, नंबर खरा, पेटीही खरी राहू दे. लपवायचं ते एवढंच, की तो मुलगा त्याच्या जोडीदाराचा आहे.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. काल रात्री मामांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "हे मी करू शकलो असतो." अकरावं प्रकरण आज पहिल्यापासून लिहायला घेतलं आहे.

पण गेटवरच्या माणसाला आतलं दिसत नाही. त्याच्या हातात फक्त गाड्यांची वही: नंबर, वेळ, गठ्ठे किती. रोज गठ्ठे तेवढेच, पण वजन जास्त, हे त्याच्या लक्षात यायचं तर वही पुरेशी आहे का? वजनकाट्याची पावती गेटवर दाखवतात, की ती थेट ऑफिसात जाते? माल भरताना पाहिलेल्या कुणीतरी सांगा.