मदत हवी आहे : बोरॅक्स हा शब्द 'टङ्कण'वरून आला का?

नमस्कार मंडळी. विज्ञान दिनाला पोरांकडून रसायनांच्या नावांचा तक्ता करून घ्यायचाय आणि गाडी टाकणखारावर, म्हणजे बोरॅक्सवर, अडलीय.

आमच्या नांदेडच्या सराफ्यात बोरॅक्स कुणी म्हणत नाही. कारागीर सुहागा म्हणतो. खडा दगडावर पाण्यात उगाळायचा, ते पांढरं पाणी सांध्याला लावायचं, वर डाख (सांधा जोडणारा धातू) ठेवायचा आणि फुंकणी धरायची. आधी त्याची लाही फुलते, मग वितळून काच होते आणि डाख झर्रकन सांध्यात उतरतो. आई मात्र सवागी म्हणते. लेकराचं तोंड आलं की मधातून लावायची जुनी रीत (आता लावू नका, बाधतं ते).

आमचे एक सर म्हणतात, बोरॅक्स मूळचा संस्कृत 'टङ्कण'च. व्हॉट्सॲपवरही तेच फिरतंय. पण 'ट'चा 'ब' होईलच कसा? नेटवर 'टंकण' शोधावं तर टायपिंगचे क्लास निघतात! आणि सुहागा-सवागीचं काय? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
शंका रास्त आहे. बोरॅक्स आला फारसी 'बूरा'वरून. त्याचं अरबीत 'बौरक' झालं, तिथून तो लॅटिनमध्ये गेला. अरबीत बौरक म्हणजे निव्वळ टाकणखार नव्हे, सोड्यासारखे क्षारही त्यातच यायचे. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीनं १८०८ साली बोरॅक्समधल्या नव्या मूलद्रव्याला आधी 'बोरॅसियम' म्हटलं, १८१२ मध्ये कार्बनच्या चालीवर 'बोरॉन' केलं.

तुमचे सर अगदीच चूक नाहीत म्हणा. तिबेटच्या सरोवरांकाठचा कच्चा टाकणखार युरोपात 'टिंकल' नावानं विकला जायचा, आणि कोशकार हा शब्द फारसी 'तिनकार'मार्गे टङ्कणाशी जोडतात. म्हणजे टङ्कण युरोपात पोचला, पण बोरॅक्स होऊन नव्हे.

प्रतिसाद २
सुहागा 'सौभाग्य'वरून. संस्कृत कोशांत सौभाग्याचा एक अर्थ टाकणखार असाही दिलाय. सवागी त्याच घरातली दिसते. तक्त्यावर बूरा, टङ्कण, सौभाग्य अशी तीन वेगळी खोडं काढा, एकाच झाडाला सगळ्या फांद्या चिकटवू नका.

धागाकर्ता
लई आभार! तीन खोडं काढतो. टाकणखारातला 'खार' म्हणजे 'क्षार'च ना?

प्रतिसाद १
हो, पापडखारातला तोच.