विषय: ठाण्यात बाबांसाठी घेतलेला रिफर्बिश्ड लॅपटॉप

नमस्कार मंडळी,

मी घरापासून लांब राहते, म्हणून इथूनच ऑनलाइन एक रिफर्बिश्ड (जुना, पण दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला) लॅपटॉप घेऊन नौपाड्यात बाबांच्या पत्त्यावर पाठवला. आठवडाभर बरा चालला. बॅटरी तासाभरात मान टाकायची, पण बाबा म्हणाले, 'जुना आहे, चालायचंच.' मग त्यांनी हौसेने तो रीसेट केला. तेव्हापासून चालू केला की कुठल्याशा कंपनीचं नाव येतं आणि तिथलाच ईमेल, पासवर्ड मागतो. विक्रेता फोनवर म्हणतो, 'सॉफ्टवेअर वॉरंटीत येत नाही.' गोखले रोडवरचा एक दुकानदार दीड हजारात 'उघडून' देतो म्हणतोय. देऊ का? आपल्याच हातून बिघडला असं बाबांनी मनाला लावून घेतलंय. आई सांगते, जेवतानाही गप्प असतात.

— नौपाड्याची लेक

---

अगं, दुकानदाराकडे अजिबात देऊ नकोस. आणि आधी बाबांना फोन करून सांग, त्यांच्या हातून काही बिघडलेलं नाही.

तो लॅपटॉप मूळचा एखाद्या ऑफिसातला. कंपन्या आपल्या मशिनी मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलटमध्ये, म्हणजे ऑफिसच्या मशिनी नेटवरून कंपनीशी जोडून ठेवायच्या सोयीत, नोंदवून ठेवतात. ही नोंद त्या मशीनच्या हार्डवेअरवरून होते, डिस्कवर नसते. त्यामुळे विंडोज नव्याने टाकली तरी इंटरनेट मिळाल्याबरोबर ते जुन्या मालकाचंच नाव घेतं. दुकानदार नेट न जोडता विंडोज टाकून देईल, पैसे घेईल, आणि पुढच्या रीसेटला बाबा पुन्हा त्याच पडद्यासमोर. शिवाय मशीन उघडलं की विक्रेत्याला आयतं निमित्त. जुन्या कंपनीकडून नोंद काढून घेणं हे विकणाऱ्याचं काम होतं.

फोन बंद, आता सगळं लेखी. पडद्याचा आणि तळाच्या सिरियल नंबरचा फोटो जोडून साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल कर. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. माल सदोष किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा निघाला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. दाद दिली नाही तर बाबांना 1915 लावायला सांग, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पैसे तू भरलेस, पण तुझ्या संमतीने वापरणारे बाबाही कायद्याने ग्राहकच. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे ठाण्यातच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. बहुधा तिथवर जायची वेळ येणार नाही.

बॅटरीचं रडगाणं याच मेलमध्ये घाल. आणि पुढचा घेतलास तर परतीची मुदत संपायच्या आत आधी रीसेट करून बघायचा!

— वाशीचे काका

---

काका, पैसे परत आले. मेल गेल्यावर आधी 'बदलून देतो' म्हणाले, मी परतावाच मागितला. न्यायला आलेल्या पोऱ्याकडून बाबांनी सिरियल नंबर घालून पावती लिहून घेतली. बँकेत होते ना! आता दुसरा आला की रीसेट तेच करणार आहेत. कुणी मध्ये बोलायचं नाही, अशी ताकीद आहे.

— नौपाड्याची लेक