मदत हवी आहे: बाळाच्या आतड्यातल्या नसा जन्मानंतर तयार होतात का?

घाटमाथा: सर्जन म्हणतायत बाळाच्या आतड्याच्या शेवटच्या भागात नसांच्या (म्हणजे मज्जातंतूंच्या) पेशीच नसाव्यात, बायोप्सी करू आणि तसंच निघालं तर ऑपरेशन. घरचे म्हणतात लहान जीव आहे, वाढेल तशा नसा पण येतील, थांबा. जन्मानंतर येतात की नाही एवढंच सांगा, उद्या सही करायचीय.

रानजाई: बाळ किती दिवसांचं? दिवस पूर्ण भरले होते का? पहिली काळी शी कधी झाली? हे न सांगता कोण काय सांगणार!

चिऊचीआई: अजिबात घाई करू नका. माझी लेक पण अशीच पोट फुगवून बसायची, दूध पचायचं नाही, आम्ही एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) धीर धरला आणि महिन्याभरात सगळं सुरळीत झालं. सर्जनकडे गेलं की ते कापायचंच सांगणार.

रानजाई: एनआयसीयूत म्हणजे अपुऱ्या दिवसांची होती ना?

चिऊचीआई: हो, ३१ आठवड्यांची. पण पोट ते पोटच ना?

गोदाकाठ: विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून लावा, लगेच शी होते. आमच्याकडे सगळ्या पोरांना केलंय.

बाळंतविडा: बाळंतिणीला हरभऱ्याची डाळ बंद करा आणि शेपू द्या.

शवविच्छेदन: मी ॲनाटॉमी शिकवते. या नसांच्या पेशी आतड्यात जन्मत नाहीत, मानेकडच्या भागातून येतात. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात अन्ननलिकेच्या बाजूने शिरतात आणि वाढत वाढत खाली सरकत सातव्याच्या सुमारास गुदापर्यंत पोचतात. मध्येच थांबल्या तर पुढचा भाग रिकामा राहतो, म्हणून दोष शेवटच्या टोकाला सापडतो. स्नायू तिथेही असतात, पण सैल हो म्हणणारं कोणी नसल्यामुळे ते आवळलेलेच राहतात आणि वरचं आतडं फुगत जातं. जन्मानंतर वाढ होते ती पोचलेल्या पेशींची, त्या पक्व होतात, आपसातली जोडणी वाढते. ३१ आठवड्यांच्या बाळात पुढे ढकलणाऱ्या लाटाच अजून नीट बसलेल्या नसतात, म्हणून चिऊच्या आईंना धीर धरून फायदा झाला. रिकाम्या भागात मात्र वाट बघून पेशी येत नाहीत.

गोदाकाठ: म्हणजे आमच्या आज्या मूर्ख होत्या का?

रानजाई: काका, आज्यांचा विषय नाहीये. देठाने आत उत्तेजन मिळून शी होते आणि खरा आजार झाकला जातो, शिवाय कोवळ्या जागी इजा होते ती वेगळीच.

घाटमाथा: सॉरी, हॉस्पिटलात होतो. मुलगा आहे, १८ दिवसांचा, दिवस पूर्ण भरलेले. पहिले दोन दिवस शी नव्हतीच, तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बोटाने तपासलं तर पिचकारीसारखी बाहेर आली आणि पोट एकदम बसलं. मग परत फुगलं, काल हिरवी उलटी झाली.

रानजाई: अहो हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना!! पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांना २४ तासांत शी होते, ४८ तास गेले की तपास करतातच. हिरवी उलटी आत्ताच्या आत्ता डॉक्टरांच्या कानावर घाला.

मोगरा२: माझ्या मुलाला हाच आजार होता, हिर्शस्प्रुंग. साधारण ५००० बाळांत एकाला होतो, मुलग्यांमध्ये जास्त. बायोप्सीची सही करा, एवढासा तुकडा खेचून घेतात, टाकेही नसतात, आणि पेशी दिसल्या तर ऑपरेशनचा प्रश्नच मिटला. नाही दिसल्या तर रिकामा भाग काढून चांगलं आतडं खाली ओढून जोडतात. तोवर आमच्याकडे आतडं सलाइनने धुवायचे, नळी आत गेली की फुस्स करून हवा यायची आणि टम्म पोट मऊ पडायचं. नर्सकडून शिकून मी घरीही केलं, पण साधं पाणी कधीच वापरू नका, बाळाच्या अंगात शोषलं जातं. ताप, घाण वासाची पातळ शी, बाळ मलूल, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी गाठा हॉस्पिटल, ऑपरेशननंतरसुद्धा.

चिऊचीआई: माझा सल्ला मागे घेते, आमची केस वेगळी होती.

घाटमाथा: डॉक्टरांना फोन केला, आत्ताच घेऊन या म्हणाले, निघतोय. मोगरा२, बायोप्सीचा रिपोर्ट यायला किती दिवस लागले तुम्हाला?