अनुभव धागा: मोठेपणी कॅथलिक झालात? नेमकं कशामुळे?

धागाकर्ता, नाशिकरोड:
फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवार-रविवारी आपल्याकडे बाळ येशूच्या यात्रेला मुंबई, वसई, गोव्याहून माणसं लोटतात. त्यात बिगरख्रिस्ती कितीतरी. नवस फेडतात, मेणबत्ती लावतात, निघून जातात. आणि आमच्या बैठकीत सूर लागतो: लोकांना श्रद्धेकडे कसं आणायचं? मग पत्रकं छापायचं ठरतं. पत्रक वाचून चर्चला आलेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. म्हणून थेट विचारतो: तुम्ही मोठेपणी कॅथलिक झालात, किंवा होता होता थांबलात, तर कशामुळे? सल्ले नकोत, घडलेलं सांगा. आमिषाची किंवा जबरदस्तीची वकिली इथे करू नका; दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं) १९६५मध्येच दोन्ही निषिद्ध ठरवलंय.

पंचवटीची लेक, जेलरोडची सून:
लग्नाआधी फादरांनी मला स्वच्छ सांगितलं, "धर्म बदलायची गरज नाही." बिशपांची परवानगी काढून चर्चमध्ये लग्न झालं आणि मी माझे उपास, माझा देव्हारा सांभाळत राहिले. सासूबाई रोज संध्याकाळी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणायच्या, पण मला कधी "ये, बस" म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मी हटकून बसले नसते, स्वभावच तसा आहे माझा.

बाबा गेले. दहाव्याला रामकुंडावर सासूबाईंबरोबर चर्चमधल्या तीन-चार बायका आल्या. कावळा शिवेपर्यंत उन्हात उभ्या राहिल्या. उपदेशाचा एक शब्द नाही. पुढे कितीतरी दिवस आईकडे कुणी ना कुणी डबा घेऊन जायची. ह्या बायकांना हे कुठून सुचतं, या कुतूहलानं मी आपणहून मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला जाऊ लागले. बाप्तिस्मा मागितला तर फादर म्हणाले, "घाई कसली?" वर्षभराहून जास्त शिकवणी चालली. मग ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण (श्रद्धा पक्की करणारा संस्कार) आणि ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर), तिन्ही एकदम. नाव तेच ठेवलं. आई आली होती, मागच्या बाकावर बसली होती. साडीवर मेण सांडलं म्हणून घरी येईपर्यंत कुरकुरली.

सायन्सवाला, गंगापूर रोड:
मी वाचूनच आलो, तेव्हा छापील कागदाला इतकं हसू नका. कॉलेजात असताना चर्च म्हणजे गॅलिलिओला छळणारे, एवढंच डोक्यात होतं. मग कळलं की विश्व प्रसरण पावतंय असं १९२७मध्ये मांडणारा जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. तिथून एका फादरांकडे वाद घालायला जाऊ लागलो. ते कडक भांडायचे, चहा पाजायचे आणि मुद्दा पटला तर "हा तुझा" म्हणून सोडून द्यायचे. असं भांडणारं दुसरं कुणी मला भेटलं नव्हतं.

नाव नको:
मी थांबलेला. अनुसूचित जातीतला आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हा दर्जा हिंदूंना, १९५६पासून शिखांना आणि १९९०पासून बौद्धांना. ख्रिस्ती झालो की तो जातो. मुलीच्या ॲडमिशनचा प्रश्न आहे. हे सगळं मला फादरांनीच पहिल्या भेटीत सांगितलं, मी विचारलंही नव्हतं. त्या दिवसापासून त्यांच्यावर विश्वास बसला. दर रविवारी मिस्सेला असतो. ख्रिस्तप्रसाद बाप्तिस्मा झालेल्यांनाच, म्हणून त्याची रांग लागली की जागेवर बसून राहतो. काहीजण सुचवतात, गुपचूप बाप्तिस्मा घेऊन टाक. चोरून घ्यायचा असेल तर कशाला घ्यायचा?

सिडकोची:
सगळे गोड लिहिताहेत, म्हणून उलट बाजू. बाप्तिस्म्याआधी मला सारखे फोन. ईस्टर झाला, फोटो निघाले, फोन थांबले. माहेरचं दार बंद झालेलं, गणपतीत कुठे जायचं कळेना. चर्चमध्ये आडनाव ऐकून लोक विचारायचे, "तुम्ही मूळच्या कोण?" दुसऱ्या एका चर्चच्या गायनमंडळात घेतलं म्हणून टिकले. नवीन माणसं कशी आणायची ते राहू द्या. आलेल्याला नाताळात जेवायला कोण बोलावतं?

निवृत्त कॅटेकिस्ट (धर्मशिक्षक):
सिडकोच्या ताई बोलल्या ते खरं आहे. प्रौढांच्या दीक्षेचा जो विधी १९७२मध्ये नव्यानं आला, त्यात ईस्टरनंतरचे आठवडे मुद्दाम राखून ठेवलेत, नव्यांना समाजात मुरवण्यासाठी. आपण नेमके तेच गाळतो, कारण तोवर उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागलेल्या असतात. मी एक नियम पाळायचो: एखादं कुटुंब त्या माणसाचं होऊन राहायला तयार झाल्याशिवाय शिकवणी सुरू करायची नाही. बरेचदा कुटुंब मिळायलाच वेळ लागायचा. शिकवणी त्यामानानं सोपी. आणखी एक, मिस्सा मराठीत असेल आणि ना. वा. टिळकांचं एखादं पद लागलं तर मागे अवघडून उभा असलेला नवखा माणूसही गुणगुणायला लागतो. टिळक प्रोटेस्टंट होते, पण गाताना कोण बघतो!

बाळ येशूचा भक्त, द्वारका:
मी हिंदू, हिंदूच राहणार, तरी लिहितो. मुलाच्या दुखण्यात नवस बोललो होतो, तेव्हापासून दर यात्रेला येतो आणि काळारामालाही जातो. यात्रेत मला आजवर कुणी जात-धर्म विचारला नाही. धागाकर्त्यांना ती रांग बघून आम्ही अर्धे आलोच आहोत असं वाटत असेल, तर भाऊ, तसं नाही. आम्ही पूर्ण येतो आणि पूर्ण परत जातो. मात्र जेलरोडच्या ताईंचा अनुभव बायकोला वाचून दाखवला, तर ती सासूबाईंबद्दलच विचारत बसली.