म्युनिक ते म्युनिक, १५ रात्री, पाच देश, भाड्याची गाडी : आखणी तपासून हवी आहे

कोथरूडकर१०

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या सुट्टीत सहा जण निघतोय. आम्ही दोघं, आई-बाबा (सत्तरीच्या आसपास) आणि ५ व ९ वर्षांची मुलं. रात्री अशा: म्युनिक २, साल्झबुर्ग २, ब्लेड २, व्हेनिससाठी मेस्त्रे २, डोलोमाइट्सच्या डोंगरात ऑर्तिझेई २, कोमो १, ल्युसर्न ३ आणि परतीला म्युनिक १.

उतरणार आणि परत निघणार म्युनिकहून, म्हणून व्हिसा जर्मनीचा घ्यायचा विचार आहे. गाडी सात सीटची, ऑटोमॅटिक, विमानतळावर उतरल्या उतरल्या ताब्यात घ्यायची. टोलचे स्टिकर इथूनच ऑनलाइन काढून ठेवले तर तिथे डोक्याला ताप नाही ना? आणि साल्झबुर्ग ते ब्लेड जाताना वाटेत ग्रोसग्लॉकनरचा घाटरस्ता करता येईल का? दोघांकडेही स्मार्ट कार्ड लायसन्स आहे. काय चुकतंय ते स्पष्ट सांगा.

वळणवाट

पहिली चूक व्हिसाची. शेंगेनचा, म्हणजे या पाचही देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज उतरता त्या देशाकडे नाही, जिथे मुक्काम सर्वात जास्त त्या देशाकडे करायचा असतो. तुमच्याच हिशोबाने जर्मनी ३, ऑस्ट्रिया २, स्लोव्हेनिया २, इटली ५, स्वित्झर्लंड ३. म्हणजे अर्ज इटलीकडे. पहिला प्रवेश कुठे हे मुक्काम सारखे असतील तेव्हाच बघतात. हॉटेलांची बुकिंगं जोडायचीच असतात, त्यामुळे ही बेरीज काउंटरवरचा माणूसही करतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. मे महिन्यासाठी अपॉइंटमेंट मिळणं हेच खरं काम, तेव्हा जानेवारीपासून मागे लागा. विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा.

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट दोघांनीही काढा. आरटीओची फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. अर्जासोबत पासपोर्ट आणि व्हिसा लागतो, म्हणून ते व्हिसानंतरच होतं. जर्मनीत गाडी देणारा कदाचित ते मागणारही नाही. पण इटलीत आणि ऑस्ट्रियात पोलिसांनी थांबवलं तर नुसतं स्मार्ट कार्ड पुरत नाही. परमिटसोबत मूळ लायसन्सही लागतं, एकट्या परमिटला किंमत नाही.

आता गाडी. सात सीटच्या गाडीत तिसरी रांग उघडली की डिकीत दोन पिशव्या मावतात, बस. सहा माणसं आणि चार मोठ्या बॅगा तिच्यात बसत नाहीत. दोन गाड्या किंवा नऊ सीटची व्हॅन, हे दोनच मार्ग. मी व्हॅन म्हणेन, आणि तीही लांब बॉडीची. चालकासकट नऊ जणांपर्यंत साधं कारचं लायसन्स चालतं. तिकडे मॅन्युअल गाडी ही सर्वसाधारण गोष्ट आहे, ऑटोमॅटिक स्पष्ट लिहून बुक करावी लागते आणि व्हॅनमध्ये ती लवकर संपते.

क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं हवं. डिपॉझिट त्यावर अडकवतात, आणि फॉरेक्स कार्ड किंवा डेबिट कार्ड बऱ्याच काउंटरवर नाकारतात. बुकिंग करतानाच गाडी कोणकोणत्या देशांत नेणार ते लेखी कळवा. काच, टायर आणि गाडीची खालची बाजू विम्यातून वगळलेली असते का ते वाचा, कारण नुकसान नेमकं तिथेच होतं.

उतरल्या उतरल्या गाडी मात्र नको. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर फोटो आणि बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात झाली आहे, रांग किती लांबेल याचा भरवसा नाही. शिवाय रात्रभर न झोपता स्टिअरिंग उलट्या बाजूला. म्युनिकचे पहिले दोन दिवस लोकल गाडीने फिरा आणि साल्झबुर्गला निघायच्या सकाळी व्हॅन घ्या. दोन दिवसांचं भाडं आणि पार्किंगही वाचतं.

अर्धाकप

टोलचं मी सांगतो, कारण इथे चार देशांचे चार तऱ्हेचे नियम आहेत.

इथून काढून ठेवता येणार नाही. डिजिटल विन्येट (तुम्ही म्हणता त्या टोलच्या स्टिकरचं ऑनलाइन रूप) गाडीच्या नंबरवर निघतं आणि भाड्याच्या गाडीचा नंबर किल्ली हातात येईपर्यंत कळत नाही. किल्ली मिळाली की पार्किंगमध्येच उभं राहून काढा. आधी काचेवर आणि काउंटरवर बघा, म्युनिकच्या गाडीला ऑस्ट्रियाचं कधी कधी आधीच असतं. नंबर टाइप करताना शून्य आणि ओ यांत गफलत, किंवा देश जर्मनीऐवजी ऑस्ट्रिया निवडला जाणं, या दोन चुका नेहमीच्या. विकत घ्यायचं ते अधिकृत साईटवरूनच: ऑस्ट्रियाला अस्फिनाग, स्लोव्हेनियाला डार्स, स्वित्झर्लंडला सरकारी व्हिया पोर्टल. सर्चमध्ये वर येणाऱ्या बाकीच्या साईट तेच विन्येट कमिशन लावून विकतात.

ऑस्ट्रिया: जर्मन हद्दीपासून साल्झबुर्ग नॉर्डपर्यंतचा ए१ महामार्गाचा तुकडा माफ आहे. त्यामुळे विन्येट खरं म्हणजे ब्लेडला निघाल त्या एकाच दिवशी लागतं, आणि एक दिवसाचं मिळतंही. पण दहा दिवसांचं त्याहून जेमतेम तीन-चार युरोंनी महाग आहे. साल्झबुर्गहून हालस्टाट किंवा वेर्फेनला ए१० ने जाणार असाल तर दहाचंच घ्या. याशिवाय ए१० वर टाउर्न-काटश्बर्ग बोगद्यांचा आणि पुढे कारावांकन बोगद्याचा टोल वेगळा. तिथे विन्येट दाखवून उपयोग नाही, पैसे मोजायचे.

स्लोव्हेनिया: आठवड्याचं घ्या. इथे एक खोच आहे. पुढच्या चाकांच्या आसावर गाडीची उंची १.३० मीटरच्या आत असेल तर वर्ग २ए, त्याहून जास्त असेल तर २बी, आणि २बी चे पैसे दुप्पट. चुकीचा वर्ग म्हणजे विन्येट नसल्यातच जमा, दंड ३०० युरोपासून. तेव्हा बॅगेत शिंप्याची मोजपट्टी टाका. पुढच्या चाकाच्या मधोमध जमिनीपासून बॉनेटपर्यंत सरळ उभी धरायची. १.२८ आलं तर २ए, १.३२ आलं तर २बी. डार्सच्या साईटवर मॉडेलप्रमाणेही बघता येतं.

इटली: विन्येट नाही, आपल्यासारखे टोलनाके. स्लोव्हेनियातून व्हेनिसकडे येताना त्रिएस्तेजवळ लिझेर्टला पहिलं तिकीट निघतं, ते जपून ठेवा. हरवलं तर सर्वात लांबच्या नाक्यापासूनचे पैसे लावतात. बाहेर पडताना निळी पाटी म्हणजे कार्ड, पांढरी म्हणजे रोख, आणि नुसती पिवळी टेलिपास (तिकडचा फास्टॅग) लेन आपली नाही. चुकून शिरलात किंवा कार्ड चाललं नाही तर रिव्हर्स मुळीच घ्यायचा नाही. मदतीचं बटण दाबा, मशीन न भरलेल्या टोलची चिठ्ठी देतं, ती १५ दिवसांत ऑनलाइन भरता येते. कोमोच्या आसपास ए३६ आणि ए५९ वर नाकेच नाहीत, वरून कॅमेरा नंबर टिपतो. तिथून गेलात तर आठवणीने १५ दिवसांत भरा, नाहीतर दंड गाडीवाल्यामार्फत येतो आणि वर त्याची फी लागते.

स्वित्झर्लंड: एकच प्रकार, वर्षाचं, ४० फ्रँक. तीन रात्रींसाठी जिवावर येतं, पण कियासोची हद्द ओलांडल्या ओलांडल्या ए२ महामार्ग लागतो.

बोडनसे

अर्धाकप, एक भर. ल्युसर्नहून म्युनिकला परत येताना सेंट मार्गरेथेनहून ब्रेगेन्झजवळचा ऑस्ट्रियाचा ए१४ लागतो. होहेनेम्स ते जर्मन हद्द हा तुकडा डिसेंबर २०१९ पासून माफ आहे. म्हणजे परतीला ऑस्ट्रियाचं दुसरं विन्येट लागत नाही. नॅव्हिगेशन फेल्डकिर्खवरून नेऊ लागलं तर ऐकू नका.

कोथरूडकर१०

बाप रे, मोजपट्टीचं कधीच सुचलं नसतं. कोमोचं हॉटेल जुन्या गावात, तटबंदीच्या आत आहे. गाडी दारापर्यंत जाते का? आणि ग्रोसग्लॉकनरचं राहिलं.

वळणवाट

तटबंदीच्या आत झेडटीएल, म्हणजे ठरावीक गाड्यांनाच प्रवेश. लाल गोल पाटी आणि त्याखाली कॅमेरा. पाटीवर 'वार्को अत्तिवो' असेल तर कॅमेरा चालू, 'नॉन अत्तिवो' असेल तर बंद. हॉटेल तुमचा नंबर पालिकेला कळवू शकतं का ते आधी मेलवर विचारा, नसेल तर बाहेरच्या पार्किंगमध्ये लावा. व्हॅनसाठी तळघरातल्या पार्किंगची उंचीही बघा, १.९० मीटर लिहिलेलं असेल तर व्हॅन छताला घासेल. रस्त्यावर निळ्या रेषा पैसे भरून, पांढऱ्या फुकट, पिवळ्या इतरांसाठी राखीव.

ग्रोसग्लॉकनर नको. रस्ता बर्फ काढून साधारण मेच्या सुरुवातीला उघडतो, पण हवा बिघडली की बंद. २,५०४ मीटरपर्यंत चढ, ३६ हेअरपिन, टोल चाळीस युरोंच्या वर, आणि साल्झबुर्ग ते ब्लेड मधला अडीच-तीन तासांचा प्रवास अख्ख्या दिवसाचा होतो. लहान मुलं आणि सत्तरीची माणसं बरोबर असताना हे ओझं कशाला?

पण याहून मोठी अडचण ऑर्तिझेईची आहे. मे म्हणजे डोलोमाइट्समध्ये मधला रिकामा काळ. हिवाळी हंगाम संपलेला, उन्हाळी सुरू व्हायचा असतो. बऱ्याच लिफ्ट महिनाअखेरीपर्यंत किंवा जूनपर्यंत बंद असतात, हॉटेलंही. आई-बाबांना लिफ्टशिवाय वर काही दिसणार नाही. त्या दोन रात्री गार्डा सरोवरावर, पेस्किएरा किंवा सिर्मिओनेला टाका. इटलीच्या रात्री पाचच राहतात, व्हिशाचं गणित बिघडत नाही, आणि कोमोकडे जायला मिलानपर्यंत सरळ ए४.

कोमोहून ल्युसर्नला गॉटहार्ड बोगदा, १६.९ किलोमीटर, वेग ८०. मेमध्ये असेन्शन आणि पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणांच्या जोडसुट्ट्या येतात. त्या संपतात त्या दिवशी उत्तरेकडे जाताना बोगद्याच्या तोंडाशी, ऐरोलोला, लांबच लांब रांग लागते. तो दिवस कॅलेंडरवर बघून टाळा, नाहीतर सान बेर्नार्दिनोच्या दुसऱ्या रस्त्याने जा.

उतारावर गिअर खालचा ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडवर टाका. खंबाटकी उतरलेल्या माणसाला जास्त सांगत नाही. फरक इतकाच की हॉर्न नाही आणि ओव्हरटेक फक्त डावीकडून. महामार्गावर वाहतूक तुंबायला लागली की डाव्या लेनने डावीकडे आणि बाकी सगळ्यांनी उजवीकडे सरकून मधून ॲम्ब्युलन्सला वाट ठेवायची. जर्मनी-ऑस्ट्रियात हे गाड्या पूर्ण थांबायच्या आधीच करतात.

निशिगंध

मुलांच्या सीटचं कुणी बोललंच नाही. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये १२ वर्षं किंवा १५० सेंमी, यातलं जे आधी होईल तोपर्यंत सीट सक्तीची. म्हणजे नऊ वर्षांच्यालाही बूस्टर लागणारच. पाच वर्षांच्याची सीट गाडीसोबत बुक करा, भाडं रोजचं लावतात.

खाऊ नेताना एक लक्षात ठेवा ताई-दादा: युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, बर्फी, खवापोळी हे सगळं त्यात आलं. चकली, भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट चालतं. लाडू नेणार असाल तर तुपातले नकोत.

रविवारी जर्मनी-ऑस्ट्रियात दुकानं बंद. दूध-दही शनिवारी संध्याकाळीच घ्या, नाहीतर मोठं रेल्वे स्टेशन किंवा पेट्रोल पंप गाठावा लागतो. जर्मन महामार्गावरच्या टॉयलेटला माणशी एक युरो लागतो, सुट्टी नाणी जवळ ठेवा.

सिम जर्मनीत घेतलंत तर ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, इटलीत तसंच चालेल. स्वित्झर्लंड त्यात धरलेलं असेलच असं नाही. कियासोच्या अलीकडेच ल्युसर्नचा नकाशा ऑफलाइन उतरवा आणि रोमिंग बंद करा.

कोथरूडकर१०

गार्डाची बुकिंगं बघायला घेतली. पेस्किएरात तळमजल्यावर दोन खोल्या आणि उघडं पार्किंग असलेलं एक मिळतंय. मोजपट्टी आईच्या शिवणाच्या डब्यातून काढून बॅगेत टाकली.