अंथरुणात आठ तास, तरी दुपारी पेंग: दोष खोलीचा की सवयींचा?

मधल्या खोलीतली

सर्वांस नमस्कार. आमचे घर बडोद्याच्या दांडिया बाजारातील जुन्या धाटणीचे, रुंदीला कमी आणि लांबीला पुष्कळ असे आहे, आणि आमची निजायची खोली बरोबर मधली असल्यामुळे तिला बाहेर उघडणारी एकही खिडकी नाही. मी हिशेबनिशीचे काम करते. रात्री साडेअकराला अंथरुणाला पाठ टेकते, पण मोबाइल चाळता चाळता डोळा लागायला एक वाजतो. सकाळी साडेसातच्या गजराला अंग शिशासारखे जड असते आणि दुपारी तीनला संगणकासमोर डोळे मिटू लागतात. रविवारी दहापर्यंत झोपून भरपाई करते, तरी सोमवारी पहिले पाढे पंचावन्न. नवी गादी घेतली, जाड पडदा लावला, उपयोग झाला नाही. खोलीच बदलावी का?

निवृत्त विज्ञानशिक्षक

आपली खोली झोपेसाठी वाईट नाही. ती जागे होण्यासाठी वाईट आहे. डोळ्यांत पाहण्याच्या पेशींखेरीज मेलॅनोप्सिन नावाचे द्रव्य असलेल्या काही निराळ्या पेशी असतात. त्या आकाशाच्या निळसर उजेडाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि मेंदूतील मुख्य घड्याळाला दिवस सुरू झाल्याची वर्दी देतात. बहुतेकांचे हे घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित सावकाश चालते, त्यामुळे ते रोज सकाळी पुढे करावे लागते, आणि ते काम उजेडच करतो. उलट रात्री उशिरा मिळालेला उजेड त्याला आणखी मागे ढकलतो. आपल्या दिनक्रमात सकाळचा उजेड जवळजवळ नाहीच आणि रात्रीचा भरपूर आहे.

घरातला उजेड पुरेसा नाही का, असे आपण विचाराल. ट्यूबलाइटच्या खोलीत साधारण शंभर ते तीनशे लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) मिळतात, तर आभाळ भरून आले असतानाही बाहेर बहुधा हजारो लक्स असतात आणि भर उन्हात ते लाखापर्यंत जातात. डोळा जुळवून घेतो म्हणून हा फरक आपल्या ध्यानात येत नाही.

त्यात बडोद्याची एक अडचण आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरलेली आणि आपले शहर सुमारे ७३.२ अंशांवर, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या सदतीस मिनिटे मागे असतो. जानेवारीत येथे सूर्योदय सव्वासातनंतर होतो. तेव्हा साडेसातच्या गजराला आपले शरीर रात्र समजत असेल, तर ते फारसे चुकत नाही. (कोलकात्यात त्या वेळी सूर्य उगवून तास उलटलेला असतो.)

उठल्यापासून तासाभरात वीस-तीस मिनिटे कमाटीबागेत फिरावे. तेवढी सवड नसल्यास चहाचा कप घेऊन अगाशीवर जावे. रविवारीही नेहमीच्या वेळेनंतर तासाभरापेक्षा अधिक लोळू नये, कारण दहापर्यंतची झोप म्हणजे दर आठवड्याला घड्याळ पुन्हा मागे सरकवणे होय. रात्री नऊनंतर छतावरची ट्यूब बंद करून कोपऱ्यात खाली एक पिवळा बल्ब लावावा. मोबाइलबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे: मंद केलेल्या पडद्याचा उजेड ट्यूबच्या मानाने किरकोळ असतो, झोप खाते ती त्यावरची बातमी आणि वादावादी.

रातपाळीवाला

मी शहराबाहेरील कारखान्यात पाळीने काम करतो आणि दिवसा झोपतो, म्हणून आपल्या बिनखिडकीच्या खोलीचा मला हेवा वाटतो. मला काचांना काळा कागद चिकटवावा लागला. माझी भर दोनच गोष्टींची. झोप लागण्यासाठी शरीराच्या आतले तापमान थोडे उतरावे लागते, आणि मे महिन्यात मधल्या खोलीची कोंडलेली हवा ते उतरू देत नाही. झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने स्नान केल्यास त्वचेतून उष्णता बाहेर पडते, हे विचित्र वाटले तरी खरे आहे. दुसरे, चहा: कॅफीनचे प्रमाण निम्मे व्हायला साधारण पाच-सहा तास लागतात, म्हणून संध्याकाळी सहाचा कडक चहा निजतेवेळी बराचसा अंगातच असतो.

एक डॉक्टर

वरील सूचना योग्य आहेत. तथापि घोरणे, झोपेत श्वास अडखळणे किंवा सकाळी डोके दुखणे असल्यास श्वसनाची तपासणी करून घ्यावी, आणि रक्तातील हिमोग्लोबिन व थायरॉइड एकदा पाहावे. स्त्रियांमधील थकव्यामागे पुष्कळदा पांडुरोग, म्हणजे रक्ताल्पता, निघतो. मेलॅटोनिनच्या (शरीराला रात्र झाल्याची खूण देणाऱ्या संप्रेरकाच्या) गोळ्या मनाने घेऊ नयेत. अंथरुणात दीड तास जागे पडून राहणे ही वाईट सवय आहे: काही दिवस साडेबारालाच अंथरुणावर जावे, झोप लवकर लागू लागली की ती वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावी. उठण्याची वेळ मात्र हलवू नये.

मधल्या खोलीतली

तीन आठवड्यांनी कळवत आहे. हिमोग्लोबिन थोडे कमी निघाले, त्यावर उपचार सुरू आहेत. रोज सकाळी अगाशीवर चहा होतो. सासूबाईही तुळशीला पाणी घालून तेथेच बसतात. मोबाइल आता दिवाणखान्यात चार्जिंगला लावते. झोप हल्ली बाराच्या आत लागते. दुपारची पेंग कमी झाली असली तरी गेलेली नाही. एक शंका आहे: मला जवळचा व लांबचा दोन्ही चष्मा आहे, तो लावून बसले तर उजेडाचा परिणाम कमी होतो का?

निवृत्त विज्ञानशिक्षक

साध्या चष्म्याने फारसा फरक पडत नाही, काळा गॉगल मात्र त्या वेळी नको. सूर्याकडे थेट मुळीच पाहू नये. उघड्या आकाशाखाली बसणे पुरेसे आहे. जेवणानंतरची थोडी सुस्ती निरोगी माणसालाही येते. जमल्यास तीनच्या आत वीस मिनिटांची वामकुक्षी घ्यावी.