मदत हवी आहे: सोहराला गुहा होतात, मग आंबोलीत का नाही?

सातेरी
नमस्कार. मी सिंधुदुर्गात भूगोल शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत मेघालयात सोहराजवळची (म्हणजे आपली चेरापुंजी) मौसमाई गुहा पाहून आले. वर्गात फोटो दाखवले, तर एका मुलीने विचारलं, "बाई, पाऊस आंबोलीतपण कोसळतो, मग तिथे अशी गुहा का नाय?" 'तिकडे चुनखडक, आपल्याकडे बेसॉल्ट' असं सांगून मी वेळ मारून नेली, पण मलाच ते पटलेलं नाही. आपल्या खडकावर पाण्याचा काहीच परिणाम होत नसता, तर सड्यावर (आपल्या कातळपठारावर) जांभा, तो तांबडा सच्छिद्र दगड, आला कुठून?

दुसरी शंका. पाणी वर दगड विरघळवतं आणि खाली टपकताना तोच दगड परत ठेवतं, हे कसं? बाष्पीभवनाने क्षार उरतात असं मी आजवर शिकवत आले. पण आत हवा इतकी दमट होती की चष्मा सारखा पुसावा लागत होता. तिथे बाष्पीभवन कसलं?

आणि एक मनाला लागलेलं. टोकाला थेंब लोंबत असलेल्या एका लवणस्तंभाला मी सहज बोट लावलं. वाटाड्या तिथूनच ओरडला, "हात नको!" एका बोटाने खरंच काही बिघडतं का?

सोमवारी तास आहे. मुलांना घोकंपट्टीचं उत्तर द्यायचं नाही.

खडकवेडा
ताई, जांभ्याचं नाव काढलंत तिथेच तुम्ही उत्तराला हात घातलात. पावसाचं पाणी हवेतून थोडा आणि मातीतून पुष्कळ कार्बन डायऑक्साइड घेतं, कारण मुळं आणि कुजणारा पाला तो सतत सोडत असतात. त्याने पाणी सौम्य आम्ल होतं. हे आंबोलीत आणि सोहराला सारखंच. फरक पुढे पडतो. बेसॉल्टमधलं सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम पाणी हळूहळू वाहून नेतं, पण लोह आणि अ‍ॅल्युमिनियम त्याला नेता येत नाही. ते जागीच राहतं. तोच तुमचा जांभा. पाऊस खडक खातो, पण चोथा तिथेच टाकतो आणि त्या चोथ्याने भेगा बुजतात.

चुनखडक बहुतांशी निव्वळ कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. विरघळला की जवळजवळ सगळाच पाण्याबरोबर जातो, मागे चिमूटभर माती. भेग रुंदावली की जास्त पाणी शिरतं, त्याने ती आणखी रुंदावते. सोहराचा चुनखडक कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात साचला. त्यात न्यूम्युलाइट नावाच्या सागरी जीवांची नाण्यासारखी गोल कवचं सापडतात.

बाष्पीभवनाबद्दलची तुमची शंका अगदी रास्त आहे. मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो. तो पोटात घेऊन पाणी गुहेच्या छतातून झिरपतं. गुहेच्या हवेत वायू कमी, म्हणून सोड्याची बाटली उघडल्यासारखा तो थेंबातून निसटतो. वायू गेला की कॅल्साइट विरघळलेलं राहू शकत नाही. 'लवणस्तंभ' या नावामुळे मुलांना ते मीठ वाटतं, तेवढं खोडून काढा.

वर्गात चुन्याची निवळी घ्या आणि नळीने फुंका. ती दुधाळ होईल. सगळे इथेच थांबतात. तुम्ही फुंकत राहायला सांगा, ती पुन्हा स्वच्छ होईल. तीच गुहा खोदणारी क्रिया! निवळी पातळ ठेवा, नाहीतर मुलं फुंकून दमतील.

बोटाचं म्हणाल तर वाटाड्या बरोबर होता. त्वचेचं तेल लागलं की पाणी त्या जागी नीट पसरत नाही आणि थर धरत नाही. स्तंभ वर्षाला साधारण मिलिमीटरचा दहावा भाग, बहुतेकदा त्याहूनही कमी वाढतो. तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, पण हे मुलांना जरूर सांगा.

वणीकर
एक भर. महाराष्ट्रात चुनखडक नाही असं मुलांच्या मनात राहू देऊ नका. वणी, कोरपना, राजुरा भागात तो आहे, त्यावरच आमच्याकडचे सिमेंट कारखाने चालतात. इथल्या बोअरच्या पाण्याने बंबात आतून पांढरं कवच धरतं. तापवल्याने वायू निघून जातो आणि चुना खाली बसतो. सहल काढायची तर बस्तरची कुटुमसर गुहा पाहा, तिथल्या काळोखात आंधळे मासे आहेत.

सातेरी
दोघांचेही मनापासून आभार. अजून एक, स्तंभाचं वय कसं कळतं?

खडकवेडा
झिरपणाऱ्या पाण्यातून युरेनियमही किंचित येतं आणि कॅल्साइटमध्ये अडकतं. थोरियम पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ताज्या थरात तो नसल्यातच जमा. पुढे युरेनियमपासून किती थोरियम बनला ते मोजायचं. मौसमाईजवळच्याच मौम्लुह गुहेतल्या एका स्तंभात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी पावसाळा दुबळा झाल्याची खूण ऑक्सिजनच्या समस्थानिकांतून (हलक्या-जड अणूंच्या प्रमाणातून) मिळाली. त्यावरूनच २०१८ मध्ये भूशास्त्रीय कालगणनेतल्या आपल्या सध्याच्या काळाला 'मेघालयन' नाव मिळालं.

सातेरी
तास झाला. निवळी दुधाळ झाली तेव्हा मुलं गप्प होती, स्वच्छ होऊ लागली तशी बाकांवर उभी राहिली. आंबोलीचा प्रश्न विचारणारी मुलगी दुसऱ्या दिवशी घरून तिसऱ्यांच्या (खाडीतल्या कालवांसारख्या जीवांच्या) शिंपल्या कुटून घेऊन आली, सोबत घर बांधायच्या जांभ्याच्या चिऱ्याचा तुकडा आणि लिंबू. शिंपल्यांच्या भुकटीवर रस पडताच बारीक बुडबुडे आले. चिरा तसाच. "बाई, म्हणून आमचं घर विरघळत नाय," म्हणाली.